आप्पांची गिरणी कागदावर कशी उतरवायची?

आमच्याकडं आलेलं एक पत्र असं आहे:

"आमचे आप्पा गेल्या वर्षी गेले. बेळगावच्या वडगावात त्यांची पिठाची गिरणी होती, शेजारच्या खोलीत मसाला कुटायचा डंका. अडतीस-चाळीस वर्षं चालवली. नक्की किती, यावरच घरात वाद आहे. दादा म्हणतो चौऱ्याऐंशीला सुरू केली, आई म्हणते शहाऐंशीला. मी तेव्हा पहिलीत की दुसरीत. आम्हा तिघा भावंडांची शिक्षणं, लग्नं त्या गिरणीवर झाली. तीन महिन्यांनी वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी आलेल्यांना आप्पांवरची छोटी स्मरणिका द्यावी असं ठरलंय. दादानं मजकूर लिहिला: 'कै. आप्पा हे अत्यंत कष्टाळू, प्रेमळ, मनमिळाऊ व परोपकारी व्यक्तिमत्त्व होते. त्यांनी प्रतिकूल परिस्थितीशी झुंज देत आपला संसार फुलवला.' यात चुकीचं काही नाही, पण वाचून मला रडूच आलं नाही. हे कुणाच्याही वडिलांबद्दल छापता येईल.

आणखी अडचणी आहेत. आप्पा दर १ नोव्हेंबरला, काळा दिन म्हणून, गिरणी बंद ठेवत. आमची निम्मी गिऱ्हाइकं कानडी, म्हणून दादा म्हणतो त्याचा उल्लेख नको. आप्पांचा राग मोठा होता, ते लिहायचं का? उधारीच्या वह्या सापडल्यात, त्यांचं काय करायचं? आणि नातवंडांना मराठी बोलता येतं, वाचता धड येत नाही. दीडशे प्रती काढायच्या आहेत. कुठून सुरुवात करू?

ता. क. आषाढी-नवरात्रात उपवासाची दळणं यायची, तेव्हा आप्पा आधी पदरचे वरीचे तांदूळ दोन ओंजळी घालून दगड साफ करून घेत आणि ते पीठ शेजारच्या म्हशीला घालत. हे कुठं बसेल का?
– एक लेक, वडगाव"

ताई, सुरुवात कुठून करू असं विचारलंत आणि सुरुवात स्वतःच ताज्या कलमात लिहून पाठवलीत. पहिलं पान त्या दोन ओंजळींचं करा.

कारण बघा. ज्वारी किंवा गहू दळून झाल्यावर दोन दगडांच्या मधे आणि त्यांवर कोरलेल्या चऱ्यांत पीठ अडकून राहतं. पुढचं दळण टाकलं की त्याच्या पहिल्या पिठात ते मिसळतं. एरवी त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण उपवासाच्या पिठात चिमूटभर गहू गेला तरी खाणाऱ्या बाईचा उपवास मोडतो, आणि तिला ते कळणारही नसतं. गिऱ्हाइकाला न कळणाऱ्या गोष्टीसाठी एक माणूस वर्षातून दोनदा पदरचे वरीचे तांदूळ दगडात घालतो. 'प्रामाणिक' हा शब्द दादानं दहा वेळा लिहिला तरी एवढं पोचणार नाही. तो शब्द न लिहिता हे लिहा.

दादावर चिडू नका. दुःखात माणूस तयार शब्दांना धरतो आणि पुण्यस्मरणाच्या जाहिराती वाचून वाचून ते शब्द आपल्या सगळ्यांच्या हाताशी असतात. त्याला एवढंच सांगा की प्रत्येक विशेषणापुढं कंसात 'कशावरून?' असं लिही. कष्टाळू, कशावरून? सकाळी किती वाजता फळ्या काढत, दुपारी जेवायला घरी येत की डबा जाई, रविवारी अर्धा दिवस तरी बंद असे का? उत्तर मिळालं की उत्तर ठेवायचं आणि विशेषण खोडायचं. उत्तर सापडत नसेल तर ते विशेषण आप्पांचं नव्हतंच.

आता सालाचा वाद. आठवणीला साल विचारू नका, तिला प्रसंग विचारा. '८४ की ८६' या प्रश्नावर आई आणि दादा जन्मभर भांडतील, पण "जून ८६ ला कन्नडसक्तीविरोधी आंदोलन झालं, गोळीबार झाला, तेव्हा गिरणी होती का? बंद ठेवावी लागली का?" असं विचारलंत तर आईला दार, शेजारी, घरातलं धान्य सगळं आठवेल. तसंच ऑक्टोबर ८४, इंदिरा गांधी गेल्या तो दिवस. पुढच्या वर्षांसाठी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट धरा: आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी आणि सकाळी किल्लारीची बातमी. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी घ्या, पाचशेच्या नोटा आप्पांनी घेतल्या की नाही? ऑगस्ट २०१९ चा पूर, मार्च २०२० चा लॉकडाऊन. गिरणीवाल्याकडं या प्रत्येक वेळेची काही ना काही गोष्ट असतेच, कारण काहीही झालं तरी भाकरी लागते.

प्रसंगानं साल जवळ येतं, कागदानं पक्कं होतं. तुमच्या घरात हे कागद असणार: महापालिकेचा व्यवसाय परवाना, वीजजोडणीची कागदपत्रं, मोटार घेतल्याची पावती, बँकेचं किंवा सोसायटीचं कर्जखातं. यातला वीजजोडणीचा कागद सगळ्यात भरवशाचा. गिरणीला थ्री-फेज जोडणी लागते आणि ती मिळाल्याशिवाय दगड फिरत नाही, म्हणजे त्या कागदावरची तारीख हीच गिरणीची जन्मतारीख समजा. तारीख फाटली असेल तर बिलाच्या मथळ्यावर वीज देणाऱ्या संस्थेचं नाव पाहा. केईबी असेल तर बिल १९९९ च्या आधीचं, केपीटीसीएल असेल तर १९९९ ते २००२ मधलं, हेस्कॉम असेल तर त्यानंतरचं. मोटारीच्या अंगावरची पितळी किंवा पत्र्याची पट्टी ओल्या फडक्यानं पुसा. त्यावर एचपी, फेरे आणि बऱ्याचदा बनवल्याचं सालही असतं.

आणखी एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे लोखंडी वजनं. पाच किलोचं वजन उचला आणि त्यावर शिशानं भरलेली खाच शोधा. वजनमाप खात्याचा माणूस दर वेळी तपासून त्या शिशावर ठसा मारतो. ठशात सालाचे शेवटचे दोन आकडे असतात आणि तिमाहीसाठी ए, बी, सी, डी यांतलं एक अक्षर. बॅटरीवर चालणाऱ्या हातातल्या दिव्याचा उजेड आडवा पाडून भिंगानं वाचा. जुन्या वजनावर ठशावर ठसे चढलेले असतात, पण सगळ्यात जुना आकडा मिळाला तर गिरणी त्या सुमारास चालू होती असा अंदाज बांधता येतो, वजन जुनं विकत घेतलेलं नसेल तर. त्या शिशाचा जवळून फोटो घ्या. स्मरणिकेत आप्पांच्या फोटोइतकाच तो शोभेल.

एवढं करूनही पक्कं झालं नाही तर '१९८५ च्या सुमारास' लिहा. खोटी नेमकी तारीख छापू नका. छापलेलं खोटं पुढच्या पिढीत खरं होऊन बसतं.

आता माणसांशी बोलायचं. आधी आईशी, आणि एकटीशी. सगळी भावंडं एकत्र बसून विचारू लागली की एक बोलतो, बाकीचे माना डोलावतात, आणि दोन माणसांना दोन प्रकारे आठवणारी गोष्ट एकाच प्रकारची होऊन बाहेर येते. एका बैठकीला पाऊण तास पुरे. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून, पालथा न ठेवता, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर फडक्यावर ठेवा. नुसत्या फरशीवर ठेवला तर बांगड्या आणि पेल्यांचा आवाज बोलण्यापेक्षा मोठा येतो. पंखा बंद करा. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला चार-पाच तास जातात, म्हणून फार माणसं धरू नका. स्मरणिका चोवीस पानांची धरली तर सात-आठ माणसं भरपूर होतात.

ही सात-आठ कोण? आई, दादा, तुमचं तिसरं भावंड. गिरणीत मदतीला असलेला माणूस (याला नातेवाईक हमखास विसरतात, खरं तर आईनंतर आप्पांना सर्वांत जास्त तास पाहिलेला माणूस हाच). पंचवीस-तीस वर्षं दळण आणणाऱ्या दोन बाया, एक मराठी, एक कानडी. दगड किंवा पट्टा पुरवणारा दुकानदार. आणि शेजारी, म्हैस ज्यांची होती ते.

"आप्पा कसे होते?" हा प्रश्न विचारू नका. त्याला "देवमाणूस" हेच उत्तर येतं. वस्तू पुढ्यात ठेवा आणि तिच्याबद्दल विचारा. टाकी (दगडाला चरे पाडायची छिन्नी), हातोडी, दळणाचा डबा, पाटीवरचा खडू, पट्ट्याचा तुकडा. मदतनीसाच्या हातात टाकी द्या आणि विचारा, दगडाला टाकी किती दिवसांनी मारायचात? चरे मधे खोल आणि कडेला उथळ का घालायचे? टाकी मारायला उशीर झाला तर काय व्हायचं? तो सांगेल की दगड बोथट झाला की धान्य कापलं जात नाही, नुसतं घासलं जातं. पीठ गरम पडतं, जळका वास येतो आणि पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेला चिरा पडतात आणि उचलताना तुटते. मग बाई डबा घेऊन परत येते. त्या परत आलेल्या डब्याचं आप्पा काय करत, हा तुमचा खरा प्रश्न. फुकट दळून देत? स्वतःच्या घरचं पीठ घालत? की "तुमचाच जोंधळा जुना" म्हणून वाद घालत? तिन्ही उत्तरं चालतील. जे खरं असेल ते लिहा.

असेच आणखी काही प्रश्न. पीठ जाड-बारीक कसं ओळखायचे? बरेच गिरणीवाले यंत्राच्या खुणेकडे न पाहता गिरणीच्या तोंडातून पडणारं पीठ अंगठा आणि तर्जनीत चोळून पाहतात. आप्पा कसं करत? कानडी गिऱ्हाईक "सण्णग बीसरी" (बारीक दळा) म्हणालं की हात कुठल्या बाजूला फिरे? ओलसर तांदूळ आला तर घेत की परत पाठवत? (ओल्या धान्यानं दगडाचे चरे लेपतात, मग थांबून खरवडावं लागतं आणि मागची रांग तिष्ठत राहते.) मिरची पुरेशी वाळली नसेल तर डंक्यात गोळा होते. मग उन्हात पसरायला परत देत की आपल्याच गच्चीवर टाकत? ब्याडगी रंगाला आणि संकेश्वरी तिखटाला, यांचं प्रमाण बायका आपापलं आणत की आप्पांना विचारत? लाईट गेली की काय करत? भरल्या दगडावर मोटार पुन्हा सुरू होताना जड जाते, म्हणून वरचं धान्य आधी थांबवावं लागतं. अंधारात त्यांचा हात पहिल्यांदा कुठं जाई, हे मदतनीसाला नक्की ठाऊक असणार.

कानडी बाई कानडीतच बोलू दे. तिचं वाक्य देवनागरीत जसंच्या तसं छापा आणि पुढं मराठीत अर्थ द्या. आपल्या भागात आईचं मराठी आणि पुस्तकातलं मराठी एक नाही हेही लक्षात ठेवा. आई जशी बोलली तसंच राहू द्या. डीटीपीवाला ते 'शुद्ध' करून देईल, त्याला आधीच सांगून ठेवा.

वह्यांकडे येऊ. उधारीची वही आणि जमाखर्चाची वही वेगळ्या करा. उधारीच्या वहीतलं एकही नाव छापू नका, पानाचा फोटोही नावं दिसतील असा देऊ नका. चाळीस वर्षांपूर्वी कुणी चार आण्यांची उधारी ठेवली हे त्याच्या नातवानं वर्षश्राद्धाच्या जेवणावर बसून वाचायचं कारण नाही. आणि स्मरणिकेच्या निमित्तानं जुनी वसुली तर अजिबात काढू नका. फार तर शेवटच्या वहीत किती खाती होती आणि किती पानांवर आप्पांनी स्वतःच्या हातानं आडवी रेघ मारून हिशेब मिटवला, तेवढं मोजा. पैसे आल्याची नोंद नसताना मारलेल्या रेघा दिसल्या तर त्या वेगळ्या मोजा आणि आकडा छापा. नाव नको, रक्कम नको, रेघांचा आकडा पुरे.

जमाखर्चाची वही मात्र सोनं आहे. बाप म्हणून आप्पा कसे होते हे तुम्हाला त्यातच सापडेल, आणि ते असं शोधायचं. गिरणीचा धंदा वर्षभर सारखा चालत नाही. मार्च ते मे उन्हं कडक असतात, घरोघर वर्षाचा मसाला होतो, डंका रात्रीपर्यंत चालतो. जूनला पाऊस लागला की मिरची बंद, धान्यही ओलं. आणि शाळा उघडते नेमकी तेव्हाच. म्हणजे मसाल्याच्या हंगामातला पैसा जूनपर्यंत धरून ठेवावा लागतो. कुठलंही एक वर्ष घ्या, समजा तुम्ही दहावीला होता ते. एप्रिल-मेची जमा एका कागदावर उतरवा. शेजारी जून-जुलैचा खर्च: फी, पुस्तकं, गणवेश, क्लास, बसचा पास. मग त्याच दोन महिन्यांत आप्पांनी स्वतःसाठी काय घेतलं ते शोधा. धोतर, चपला, चष्मा, काहीही. बहुधा ती जागा कोरी असेल. नसली तरी हरकत नाही, जे आहे ते छापा. वहीचं ते एक पान फोटो काढून मोठं करून द्या. खाली दोन ओळी, बास. त्यागावर परिच्छेद लिहू नका.

त्याच वहीत दिवस मोकळे दिसतील. ज्या तारखेला जमा शून्य आहे त्या तारखा काढा. सण, ग्रहण, घरातली मयत वगळा. उरलेले दिवस म्हणजे बहुधा तुमच्या परीक्षा, पालकसभा, बाळंतपणं, दवाखाने. गिरणी बंद ठेवणं म्हणजे त्या दिवसाचा पैसा तर जातोच, शिवाय गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडं वळतं. आप्पांनी कुणासाठी किती दिवस फळ्या लावल्या, हे तुम्ही तिघं आपापल्या आठवणीशी ताडून पाहा.

या शून्य तारखांत दरवर्षी १ नोव्हेंबर असेल. दादाची काळजी खोटी नाही, पण आमचं मत स्पष्ट आहे: लिहा. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि तो दिवस इथले मराठी लोक काळा दिन म्हणून पाळतात, हे वडगावातल्या कानडी गिऱ्हाइकाला तुमच्या स्मरणिकेतून कळणार नाही, ते त्यालाही पाठ आहे. आप्पांची गिरणी त्या दिवशी बंद असते हेही त्याला अडतीस वर्षं माहीत होतं आणि तरी ३१ ऑक्टोबरला आणि २ नोव्हेंबरला तो दळण आणत होता. लपवलंत तर उलट त्यालाच विचित्र वाटेल. पण घोषणा, भाषण, कुणाला दूषण काही नको. एक वाक्य साधं: "दर १ नोव्हेंबरला गिरणी बंद असे." आणि मग लगेच आदल्या दिवसाचं. ३१ तारखेला रांग वाढायची का? उद्या बंद म्हणून आप्पा रात्री किती वाजेपर्यंत दळत बसायचे? कानडी घरांचे डबे आदल्या रात्री पोचवायचे का? मदतनीसाला आणि त्या कानडी बाईला हे विचारा. मिळेल ते उत्तर त्या वाक्याखाली ठेवा. दादाला ते दोन्ही एकत्र वाचून दाखवा, मग ठरवा.

रागाबद्दल. लिहायचा, पण एकाच प्रसंगातून, आणि प्रसंगाला कारण हवं. गिरणीवाला ओरडून बोलतो याचं निम्मं कारण आवाज असतं. मोटार, पट्टा, दगड, डंका यांच्यात चाळीस वर्षं उभं राहिलं की ऐकू कमी येतं आणि घरीही आवाज चढूनच निघतो. आप्पांना शेवटी ऐकू येत होतं का? येत नसेल तर ते लिहा, पिठाच्या धुळीनं खोकला असेल तर तोही लिहा. यानं राग धुऊन निघत नाही, पण वाचणाऱ्याला तो कुठून येत होता ते दिसतं. जो प्रसंग आठवून तुम्हा तिघांपैकी कुणाला अजून दुखतं, तो मात्र त्याच्या परवानगीशिवाय छापू नका. आजारपण आणि शेवटचे दिवस चार-पाच ओळींत आटपा. तपासण्या, दवाखाने, कोण कधी पोचलं याची यादी घरच्यांच्या मनात असते. चोवीस पानांत तिला दोन पानं दिली तर वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त तेवढंच राहतं.

नातवंडांचा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती कानडी किंवा इंग्रजी माध्यमात असतील, पण म्हणून सगळी स्मरणिका दोन-तीन भाषांत काढू नका, पानं तिप्पट होतील आणि कुणीच नीट वाचणार नाही. दोन गोष्टी करा. एक, मधल्या पानांवर दीड-दोनशे शब्दांचा कानडी मजकूर द्या. मोबाईलमधल्या भाषांतरावर तो सोडू नका. ओळखीच्या कानडी शिक्षकाकडून लिहून घ्या, आणि आप्पांबद्दल आठवण सांगणाऱ्या त्या कानडी बाईच्याच बोलण्यावरून लिहून घ्या म्हणजे तो भाषांतराचा वाटणार नाही. दोन, संपूर्ण मराठी मजकूर आईच्या किंवा तुमच्या आवाजात रेकॉर्ड करा. नातवंडांना मराठी बोलता येतं असं तुम्हीच लिहिलंय. वाचताना अडलेलं ती ऐकताना धरतात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गिरणीचा आवाज घाला. तुमची बंद असेल तर गल्लीतल्या दुसऱ्या गिरणीत दोन मिनिटं उभं राहून घ्या.

आता छपाई. डेमी १/८ आकार, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच, हातात धरायला बरा. मधे पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीतच हवीत: २०, २४, २८. बारा-तेरा पॉइंटच्या टायपात एका पानावर २२० ते २५० शब्द बसतात. फोटो धरून चोवीस पानांना साडेतीन हजार शब्द पुष्कळ. आतला कागद १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) घ्या, ८० चा घेतला तर फोटो मागच्या पानावर उमटून दिसतात. मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्ड. दीडशे प्रतींना डिजिटल छपाईच परवडते, ऑफसेट पाचशेच्या पुढं. आणि दीडशे ही संख्या पुन्हा मोजा. माणशी नको, घरटी एक धरा, त्यावर वीस-पंचवीस जास्त. दळण आणणाऱ्या बाया बोलावणं नसतानाही येतील.

फोटो फ्रेममधून बाहेर काढून स्कॅन करा, काचेवरून मोबाईलनं काढलेल्या फोटोत खिडकी आणि तुमचा हात दिसतो. पासपोर्ट आकाराचा जुना फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, नाहीतर मोठा करताना चेहरा फुटतो. काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच स्टुडिओत न्या. डीटीपीवाल्याला फोटो व्हॉट्सॲपवर 'फोटो' म्हणून पाठवले की दाबले जाऊन बारीक होतात, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. कागदपत्रांचे फोटो छापताना आधार, पॅन, बँकखातं, बिलावरचा आर. आर. नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) झाकून घ्या. मेलेल्या माणसाच्या नावावरही लोक कर्ज काढायला बघतात.

तुम्ही मोबाईलवर टाइप केलेला मजकूर डीटीपीवाला आपल्या फॉण्टमध्ये बदलून घेतो, तिथं अक्षरं हमखास तुटतात. 'ऱ्या', 'ऱ्ह', 'ॲ', 'र्ज' आणि रफार असलेली जोडाक्षरं खास तपासा. 'दळणाऱ्या'चं 'दळणा-या' झालेलं नेहमी दिसतं. प्रूफ तीनदा पाहा. पहिल्यांदा तुम्ही, दुसऱ्यांदा मजकुरात ज्यांची नावं आहेत त्यांनी आपापली ओळ, तिसऱ्यांदा या सगळ्यात नसलेल्या एखाद्यानं. कानडी पानाचं प्रूफ कानडी वाचणाऱ्यानंच पाहायचं. मुखपृष्ठावर तारीख घालण्याआधी भटजींकडून तिथी पक्की करा. तिथी इंग्रजी तारखेच्या साधारण अकरा दिवस आधी येते, मधे अधिक मास पडला तर अठरा-एकोणीस दिवस पुढं जाते. गेल्या वर्षीचीच तारीख छापली आणि कार्यक्रम वेगळ्या दिवशी झाला, असं पुष्कळ घरांत होतं.

तीन महिन्यांचा हिशेब: पहिला महिना माणसं आणि कागद, दुसरा लिहिणं, तिसऱ्यातले पहिले दोन आठवडे डीटीपी आणि प्रूफ, शेवटचे दोन छपाईला. लिहायचा महिना सगळ्यात भरभर संपतो, म्हणून मदतनीसाकडं या रविवारीच जा.

एक नमुना देतो, तुमच्याच पत्रातल्या मजकुरावरून. दादाच्या दोन वाक्यांच्या जागी हे ठेवून पाहा: "आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आप्पा गिरणी अर्धा तास थांबवत. फडक्यानं दगडाचं तोंड पुसत, मग घरून आणलेल्या डब्यातले वरीचे तांदूळ दोन ओंजळी घालत. पडलेलं पीठ शेजारच्या म्हशीला जाई. त्यानंतर उपवासाचा पहिला डबा." अर्धा तास, फडकं, घरचा डबा आणि आदला दिवस आम्ही अंदाजानं घातलंय. खरं काय ते आईला विचारून बदला. म्हशीचं मात्र आहे तसंच राहू द्या.

शेवटची चार पानं कोरी सोडा, वर फक्त "आप्पांबद्दल" एवढं छापून. वर्षश्राद्धाच्या दिवशी दारात एक प्रत टेबलावर उघडी ठेवा आणि शेजारी पेन. पेन दोऱ्यानं टेबलाच्या पायाला बांधा, गिरणीत चिठ्ठ्या लिहायला बांधलेलं असतं तसं, नाहीतर पहिल्या पंगतीबरोबरच ते कुणाच्या तरी खिशातून जाईल.